नदीच्या अलीकडचा परवाना

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनहून निघालेली गाडी महामार्ग ७८ वरून डेलावेअर नदीचा पूल ओलांडते तेव्हा चालवणाऱ्याला काही वेगळं जाणवत नाही. जाताना टोलही लागत नाही, तो परतताना भरायचा. रस्ता तोच, झाडी तीच, फक्त एक पाटी न्यू जर्सीत स्वागत असल्याचं सांगते. त्या पाटीच्या अलीकडे ज्याच्या कमरेला सदऱ्याआड पिस्तूल आहे आणि पाकिटात शेरीफनं दिलेला परवाना आहे, तो सरळमार्गी नागरिक. पाटी मागे पडली की तोच माणूस, त्याच सदऱ्यात, पाच ते दहा वर्षांच्या कैदेला पात्र ठरणारा आरोपी.

गणपतीला ईस्टनहून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मामांकडे आलेल्या भाच्यानं पिस्तूल घरीच तिजोरीत ठेवलं होतं. पण सवय जात नाही. आरतीनंतर ताम्हण खाली ठेवायला वाकताना त्याचा उजवा हात आपोआप कमरेशी गेला, सदरा वर तर सरकला नाही ना हे चाचपायला. मामांनी ते पाहिलं. जेवणं होईपर्यंत ते काही बोलले नाहीत, यावरूनच मामींनी ओळखलं की आज जुंपणार.

भाचा लीहाय खोऱ्यातल्या एका गोदामात रात्रपाळीचा व्यवस्थापक. पहाटे दोन-अडीचला सुनसान पार्किंगमधून गाडीपर्यंत एकट्यानं चालत जावं लागतं, म्हणून त्यानं परवाना काढलेला. मामा औषध कंपनीतून निवृत्त झालेले रसायनशास्त्रज्ञ. तीस वर्षं न्यू जर्सीत काढली, घरात सुरीला धार लावायलाही त्यांना आवडत नाही. दोघंही अमेरिकेचे नागरिक. तिसरा होता मामींच्या बहिणीचा मुलगा, डॅलसहून सुट्टीला आलेला, एच-वन-बी व्हिसावरचा. तो मोदक खात गप्प ऐकत होता. त्याचा विषय शेवटी निघाला.

"परवाना आहे म्हणतोस," मामांनी सुपारी कातरता कातरता सुरुवात केली, "परीक्षा काय दिलीस?"

"परीक्षा नाही. काउंटीच्या शेरीफकडे अर्ज, वीस डॉलर, आणि पोलिसांच्या नोंदींतून तपासणी. पाच वर्षं चालतो."

"गोळी झाडून दाखवलीस?"

"आमच्या राज्यात ती अटच नाही."

"म्हणजे पिस्तुलाचं तोंड कुठल्या बाजूला हेसुद्धा कुणी विचारलं नाही! आणि तो कागद मी इथं मान्य करायचा?"

भाचा हसला. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, कारण अमेरिकेत या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण तेच देतो. "मामा, माझं ड्रायव्हिंग लायसन्स तुम्ही मान्य करताच की. मी पूल ओलांडला म्हणून कुणी म्हणत नाही की तुला गाडी चालवता येत नाही. लग्नाचा दाखलाही चालतो. मग घटनेत ज्याचा शब्दानं उल्लेख आहे तो हक्क तेवढा नदीपाशी का संपतो?"

"कारण गाडीची परीक्षा पन्नासही राज्यांत घेतात," मामा म्हणाले. "तुझ्या पिस्तुलाची तुझ्याच राज्यात घेत नाहीत."

हा टोला चांगला बसला, यात शंका नाही. पण दोघंही जे गृहीत धरून बोलत होते ते एकदा नीट मांडायला हवं, कारण भारतातून पाहणाऱ्याला 'अमेरिकेत बंदुकीचा हक्क आहे' एवढंच ठाऊक असतं. हक्क देशाचा आहे, परवाना राज्याचा. आणि राज्यांची तऱ्हा पन्नास प्रकारची. आज २९ राज्यांत सज्ञान, निर्दोष माणसाला पिस्तूल लपवून बाळगायला परवानाच लागत नाही. बहुतेक ठिकाणी ही सवलत बाहेरून आलेल्यालाही मिळते. नॉर्थ डकोटानं मात्र ती २०२३ पर्यंत फक्त आपल्या रहिवाशांपुरती राखली होती. उरलेल्या राज्यांतली काही एकमेकांचे परवाने मानतात, काही अर्धेमुर्धे मानतात, आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मेरीलँड यांच्यासारखी काही कुणाचाच मानत नाहीत. न्यूयॉर्क शहराची ऐट तर अशी की न्यूयॉर्क राज्यातल्या दुसऱ्या काउंटीनं दिलेला परवानासुद्धा शहराच्या पोलिसांच्या वेगळ्या मंजुरीशिवाय तिथं चालत नाही. पेनसिल्व्हेनियाला सहा राज्यांची हद्द लागते. पश्चिमेला ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात भाच्याला कागदाचीही गरज नाही. उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला मेरीलँडच्या बाजूला मात्र त्याच्या कागदाला रद्दीची किंमत.

या गोंधळातून वाट काढायला निघाला तो अनिवासी परवाना. ज्या राज्यात आपण राहत नाही त्याच राज्याचा परवाना काढून ठेवायचा. यूटाचा त्यात सगळ्यांत लोकप्रिय, कारण त्याच्या वर्गाला बसायला यूटात पाऊलही ठेवावं लागत नाही. यूटाची मान्यता असलेले प्रशिक्षक देशभर वर्ग घेतात. कायदा समजावतात, पिस्तूल हाताळायला शिकवतात, बोटांचे ठसे घेतात. गोळी झाडायची अट नाही. पाच वर्षांचा कागद हातात येतो आणि तीसहून अधिक राज्यांत चालतो. गंमत व्हर्माँटची. त्या राज्यात परवाना कधी लागतच नव्हता, त्यामुळे तिथलं सरकार परवाना देतच नाही. आणि म्हणून व्हर्माँटच्या माणसाला परवाना लागणाऱ्या दुसऱ्या राज्यात जायचं तर दोन-अडीच हजार मैलांवरच्या यूटाचा किंवा फ्लोरिडाचा कागद मागवावा लागतो. फ्लोरिडात हे परवाने देतं कोण, तर शेतकी खातं.

"शेतकी खातं?" मामींना खरं वाटेना. "म्हणजे सातबारा आणि पिस्तूल एकाच खिडकीवर?"

"तसंच समजा," भाचा म्हणाला. "सात वर्षांचा देतात."

"आणि त्या खिडकीवर काय झालं तेही सांग ना," मामा सरसावले. २०१८ मध्ये उघड झालेली गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. फेब्रुवारी २०१६ पासून वर्षभराहून अधिक काळ त्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याला देशपातळीवरच्या तपासणी यंत्रणेत लॉग-इनच करता येत नव्हतं. अडचण सुटली नाही आणि त्या यंत्रणेतून आलेले आक्षेप कुणी पाहिलेच नाहीत. नंतर फेरतपासणी झाली आणि दिलेले २९१ परवाने रद्द करावे लागले. इतर तपासण्या चालू होत्या, हे खरं. पण चाळणीचं एक भोक वर्षभर उघडं होतं, हेही खरं. "त्या २९१ जणांतला एखादा फ्लोरिडाचा कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला तर मी काय करायचं? तो कागद दिला कुणी हे मला माहीत नाही, आणि तुमचं म्हणणं, मी तो डोळे मिटून मानायचा!"

मामांच्या बाजूचा याहून भक्कम दाखला खुद्द भाच्याच्या राज्यातला आहे. फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी ज्यांना परवाना नाकारला किंवा ज्यांचा काढून घेतला, असे लोक टपालानं फ्लोरिडाचा अनिवासी परवाना मागवत. पेनसिल्व्हेनिया फ्लोरिडाचा परवाना मानत असे, त्यामुळे ज्या शहरानं 'नाही' म्हटलं त्याच शहरात ते राजरोस पिस्तूल घेऊन फिरत. या पळवाटेला नावच पडलं होतं फ्लोरिडा पळवाट. २०१३ च्या फेब्रुवारीत राज्याच्या ॲटर्नी जनरलनं करार बदलला आणि फ्लोरिडाचा परवाना फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांपुरता मान्य केला. म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवून हात पोळलेल्यांत न्यू जर्सी एकटी नाही. बाहेरचे परवाने न मानायला इलिनॉयनं वेगळं कारण दिलं. ते राज्य आपल्या परवानाधारकांची नावं रोज स्वतःच्या गुन्हे नोंदींशी ताडून पाहतं. परवाना दिला आणि विसरलं असं नाही. परराज्यातल्या माणसाची अशी रोजची खबर मिळत नाही, म्हणून ज्या थोड्या राज्यांचे नियम आपल्यासारखे आहेत तेवढ्यांच्याच रहिवाशांना ते अर्ज करू देतं. संघराज्याच्या अपील न्यायालयानं २०१९ मध्ये ही अट उचलून धरली.

भाचा ऐकून घेत होता. मग त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला आणि एक गोष्ट सांगितली.

फिलाडेल्फियातली एक बाई, दोन मुलांची एकटी आई. एका वर्षात दोनदा लुटली गेली. तिनं रीतसर पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढला आणि पिस्तूल घेतलं. त्यानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ती गाडीनं न्यू जर्सीत अटलांटिक काउंटीत शिरली. मार्गिका बदलण्यात काही चूक झाली म्हणून पोलिसानं थांबवलं. तिनं आपणहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे, हा परवाना. तिला वाटत होतं तो परवाना इथंही चालतो. त्याच क्षणी ती आरोपी झाली. महिन्याहून जास्त तुरुंगात राहिली. न्यू जर्सीचा ग्रेव्ज कायदा असा की दोष सिद्ध झाला तर साडेतीन वर्षं पॅरोलचं नाव नाही. न्यायाधीशाचेही हात बांधलेले.

"खोटं बोलली असती तर कदाचित सुटली असती," भाचा म्हणाला. "खरं बोलली म्हणून अडकली. हा तुमचा शिस्तीचा कायदा."

"अरे, तिला माफी मिळाली. गव्हर्नर ख्रिस्टींनीच दिली, २०१५ मध्ये."

"माफी ही गव्हर्नरची मर्जी झाली मामा. दीड वर्ष डोक्यावर टांगती तलवार होती त्याचं काय? आणि ज्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत त्यांना कोण माफ करतो?"

मामांनी सुपारी तोंडात टाकली आणि थोडा वेळ चघळत राहिले. ते हट्टी असले तरी अप्रामाणिक नव्हेत. या प्रकरणाचा गवगवा झाल्यावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलनंच सरकारी वकिलांना सूचना काढली होती: आपल्या राज्यात कायदेशीर परवाना असलेला आणि केवळ गैरसमजुतीनं पिस्तूल घेऊन आलेला माणूस असेल तर साधारणपणे कैदेचा आग्रह धरू नये. गुन्हा तसाच राहिला, शिक्षेची धार तेवढी कमी झाली. इथं मामांच्या राज्यानं निमूटपणे का होईना, भाच्याचं अर्धं म्हणणं मान्य केलेलं आहे, हे नोंदवायला हवं.

"बरं, मग तुझ्या सोयीसाठी देशाचा कायदा आहे की," मामा म्हणाले. "नुसतं पार व्हायचं असेल तर कुणी अडवत नाही."

तो कायदा १९८६ चा. एका राज्यात पिस्तूल बाळगणं कायदेशीर, पोचायच्या राज्यातही कायदेशीर, तर मधल्या राज्यातून ते नेता येतं. अट एवढीच की गोळ्या भरलेल्या नसाव्यात आणि पिस्तूल किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाती लागू नयेत. म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि समोरचा कप्पा पेटी म्हणून चालत नाही. वाचायला सोपं. पण २००५ मध्ये यूटाचा एक गृहस्थ विमानानं पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेनटाउनला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, आधी जाहीर केलेलं. नेवार्कला, म्हणजे न्यू जर्सीत, पुढचं विमान चुकलं. सामान मिळायला उशीर झाला तोवर बदली बसही गेली. त्याला बॅग घेऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्र काढावी लागली. सकाळी त्यानं प्रामाणिकपणे काउंटरवर पुन्हा सांगितलं की सामानात पिस्तूल आहे, आणि त्याला अटक झाली. चार दिवस कोठडी. खटला पुढं मागे घेतला गेला, पण नुकसानभरपाईचा दावा तो २०१० मध्ये अपिलात हरला. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: हॉटेलात बॅग हाताशी होती, म्हणजे पिस्तूलही हाताशी होतं, म्हणजे कायद्याचं संरक्षण त्या रात्री संपलं. विमान कुणामुळे चुकलं याचा कायद्याशी संबंध नाही.

"एक विमान चुकलं आणि माणूस गुन्हेगार," भाचा म्हणाला. मामा काही बोलले नाहीत. मामींनी मात्र विचारलं, "मग त्यानं करायचं काय होतं? बॅग घ्यायचीच नव्हती?" निकालातही जवळपास हाच सल्ला आहे: ताब्यात घेण्याआधीच विमानतळाच्या कर्मचाऱ्यांना किंवा पोलिसांना पिस्तूल रात्रभर ठेवायला सांगता आलं असतं.

एकाएकी मामांना आबांची बंदूक आठवली. कराडकडच्या गावी त्यांच्या वडिलांकडे बाराबोरची होती, उसात शिरणारी रानडुकरं हुसकायला. पीक संरक्षणाचा परवाना. त्यावर हद्द लिहिलेली. निवडणूक लागली की बंदूक तालुक्याच्या ठाण्यात जमा करायची आणि पावती ट्रंकेत, गहाणखताच्या कागदांशेजारी. "आबांना कधी वाटलं नाही की आपला हक्क गेला," मामा म्हणाले. "परवाना म्हणजे सरकारनं ठेवलेला विश्वास. तो जिथला, तिथला."

"आबांच्या घटनेत बंदूक नव्हती मामा, इथल्या घटनेत आहे," भाचा म्हणाला. आणि इथं तो बरोबर होता. भारतात शस्त्र परवाना ही सरकारची सवलत आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा मानला आणि जून २०२२ मध्ये, न्यूयॉर्कविरुद्धच्या खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी तो घराबाहेरही नेला. तोवर न्यूयॉर्कमध्ये परवाना मागणाऱ्याला 'मला इतरांहून जास्त धोका आहे' हे पटवून द्यावं लागे. मुळात तिथला परवान्याचा कायदा १९११ पासूनचा. न्यू जर्सीही त्याच वळणाची, तिथं साध्या माणसाला परवाना मिळणं जवळपास अशक्य होतं. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या निकालानं ही मर्जी संपवली. परवान्याची अट घाला, तपासणी करा, प्रशिक्षण मागा. पण अटी पूर्ण झाल्या की परवाना द्यावाच लागेल.

त्यानंतर न्यू जर्सीनं त्याच वर्षी डिसेंबरात नवा कायदा केला. परराज्यातल्या माणसालाही तिथं अर्ज करता येतो. शुल्क दोनशे डॉलर, मुदत दोन वर्षं, नेम धरून गोळी झाडण्याची चाचणी, आणि अर्जदाराला किमान तीन वर्षं ओळखणाऱ्या चार प्रतिष्ठित माणसांची शिफारस. त्यांच्याशी रक्ताचं किंवा कायद्याचं नातं असता कामा नये.

"म्हणजे मामा चालत नाही," भाचा म्हणाला.

"चालत असता तरी मी सही केली नसती," मामा म्हणाले. आणि सगळे हसले, कारण ते खरं होतं.

भाच्यानं तो अर्ज करायचं ठरवलंच होतं. त्याची तक्रार चाचणीबद्दल नव्हती. उलट चाचणी असावी असं तोही मानतो. तक्रार होती ती बेरजेची. न्यू जर्सीचे दोनशे, न्यूयॉर्क शहराचे तीनशे चाळीस, मेरीलँडचा वेगळा अर्ज, वेगळं प्रशिक्षण, वेगळे ठसे. न्यूयॉर्क शहरानं तर परराज्यातल्यांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, तीही कोर्टकचेरीचा दबाव आल्यावर. "ज्याच्याकडे पैसा आणि रजा आहे त्याला हक्क," तो म्हणाला. "रात्रपाळीवाल्याला नाही."

या वाक्याला मामांकडे उत्तर नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते कुणाकडेच समाधानकारक नाही. पण उपाय म्हणून भाचा जे सुचवत होता तेही तितकंच अडचणीचं आहे. एका राज्याचा परवाना सगळ्या देशात चालावा, अशा कायद्याची मागणी जुनी आहे. २००९ मध्ये सिनेटमध्ये त्याला ५८ मतं मिळाली, लागत होती साठ. डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहानं तो २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केला आणि सिनेटमध्ये तो विरला. २०२५ मध्ये तो पुन्हा मांडला गेला आणि मार्चमध्ये समितीतून पुढं सरकला.

"आणि त्या कायद्यात काय आहे ते पूर्ण सांग," मामा म्हणाले. "ज्याच्या राज्यात परवानाच लागत नाही तोही माझ्या गल्लीत पिस्तूल घेऊन फिरणार. म्हणजे माझ्या शेजाऱ्यानं चाचणी द्यायची, चार शिफारशी आणायच्या, दोनशे डॉलर भरायचे, आणि बाहेरून आलेल्यानं फक्त पत्ता दाखवायचा. हा समान हक्क?"

भाच्यानं पोलिसांचं उदाहरण काढलं. २००४ पासून सेवेतल्या आणि निवृत्त पोलिसांना देशभर पिस्तूल बाळगता येतं. त्यांच्यासाठी नदी आडवी येत नाही. "ओहायोचा निवृत्त हवालदार एडिसनच्या बाजारात येतो तेव्हा तुम्हाला भीती वाटते?"

"त्याला नेम दरवर्षी सिद्ध करावा लागतो," मामा म्हणाले. "तूही कर. मग बोलू."

वाद इथं अडला आणि अडून राहण्यासारखाच होता. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०२५ या एकाच दिवशी दोन निकाल दिले. दोन्ही आरोपी शेजारच्या न्यू हॅम्पशरचे रहिवासी, दोघंही मॅसॅच्युसेट्सचा परवाना न काढता पिस्तुलासह हद्द ओलांडलेले. एकाच्या वेळी जुना नियम होता, परवाना देणं न देणं पोलिसांच्या मर्जीवर. तो खटला रद्दच झाला. दुसऱ्याच्या वेळेपर्यंत मर्जी काढून टाकलेली होती, अटी पूर्ण केल्या की परवाना मिळणार होता. त्याच्यावरचा खटला चालू ठेवला गेला. बाहेरच्यानं आमचा परवाना काढावा असं म्हणायचा राज्याला हक्क आहे, पण मागितल्यावर तो दिला पाहिजे, एवढा त्याचा अर्थ. मामा आणि भाचा दोघांनीही या निकालांचा आपल्याला सोयीचा अर्धा भाग लक्षात ठेवला होता.

न्यायालयानं आखलेली ही रेघ पटण्यासारखी आहे. आपल्या गल्लीत कोण पिस्तूल घेऊन फिरतो हे ठरवायचा हक्क एडिसनला असावा. पण ईस्टनच्या माणसाला तो कागद मिळायची वाट परवडणारी असावी आणि कागद चुकला म्हणून साडेतीन वर्षं जाऊ नयेत. सध्या पहिली गोष्ट आहे, दुसरी अर्धवट आहे, तिसरी ॲटर्नी जनरलच्या सूचनेवर अवलंबून आहे.

चहा आला. मामींनी सहज विचारलं, शाळेजवळ काय नियम? आणि भाच्यानं जे सांगितलं ते मामांनाही नवीन होतं. देशाच्या कायद्याप्रमाणे शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांत, म्हणजे सुमारे तीनशे मीटरांत, पिस्तूल नेता येत नाही. सवलत आहे ती ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्यानं परवाना दिलेला असेल तर. ओहायोत भाच्याला परवान्याची गरजच नाही. पण ओहायोच्या रस्त्यावरून कमरेला भरलेलं पिस्तूल घेऊन तो एखाद्या शाळेवरून गेला, की कागदावर केंद्राचा गुन्हा. मोठ्या शहरात शाळेपासून हजार फूट लांब राहून गाडी चालवून दाखवावी! ज्या राज्यांत परवाना लागत नाही तिथलेही परवाने लोक काढून ठेवतात त्याचं एक कारण हे आहे.

इतका वेळ गप्प बसलेला डॅलसचा मुलगा तेव्हा बोलला. टेक्सासमध्ये २०२१ पासून परवाना लागत नाही, ऑफिसातले मित्र शनिवारी रेंजवर जातात, त्यालाही दोनदा नेलं होतं, भाड्याचं पिस्तूल घेऊन. "मग मी यूटाचा काढून ठेवू का? तिथं राहायची अट नाही म्हणता ना?"

भाच्यानं कप खाली ठेवला. मामांनी चष्मा काढला. दिवसभरात पहिल्यांदा दोघं एकाच वेळी एकच शब्द बोलले: "नाही."

हा निर्णय राज्यांच्या हातातच नाही. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसानं बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा देशाच्या कायद्यानं गुन्हा आहे. यूटा असो, टेक्सास असो वा पेनसिल्व्हेनिया. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि शस्त्राच्या गुन्ह्यात देशाबाहेर काढलं जातं ते वेगळंच. ग्रीन कार्डधारकाला हा मज्जाव नाही. एच-वन, एल-वन, विद्यार्थ्याचा एफ-वन आणि मुलांकडे आलेल्या आईवडिलांचा बी-टू, या सगळ्यांना आहे. राज्याचा वैध शिकारीचा परवाना असल्यास सूट मिळते, पण ती आधी, वकिलाला विचारून, कागद हातात घेऊन.

तेव्हा पुण्या-नागपुरातून मुलांकडे जाणाऱ्यांनी आणि व्हिसावर नोकरीला असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: कुणी हौसेनं रेंजवर नेऊ लागलं तर बाहेरच्या बाकावर बसावं. पिस्तूल दुसऱ्याचं असलं, भाड्याचं असलं, फक्त फोटोपुरतं असलं, तरी हातात घेणं या कायद्याच्या लेखी बाळगणंच ठरू शकतं.